उन्हाच्या गावात उन्हाची टंचाई

दरवर्षी २४ एप्रिलच्या सुमारास चेन्नईतल्या सावल्या गायब होतात. दुपारचे बारा वाजून काही मिनिटं झाली, की मैदानातला झेंड्याचा खांब बघा, रस्त्यावरचा दिव्याचा खांब बघा, गच्चीत उभी ठेवलेली बाटली बघा, कुणालाच सावली नसते. सूर्य बरोब्बर डोक्यावर आलेला असतो आणि सावली वस्तूच्या बुडाखाली जाऊन बसते. थोड्या वेळाने ती हळूच दुसऱ्या बाजूने डोकं काढते. १८ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा एकदा हेच होतं. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. पुण्या-मुंबईतही तो वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी. दिल्लीच्या वाट्याला मात्र कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे.

तर चेन्नई हे असं उन्हाचं गाव. मे महिन्यात इथे 'अग्नी नक्षत्रम्' हा कडक उन्हाचा काळ सुरू होतो, तेव्हा दुपारी रस्ते ओस पडतात. जानेवारीत पोंगलला अंगणात चूल मांडून, भात उतू घालवून सूर्याचे आभार मानतात. बाराही महिने सूर्य या शहराकडे पाठ फिरवत नाही.

आणि आता हे ऐका. याच चेन्नईत मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी १५०० मोठ्या माणसांचं रक्त तपासलं. त्यात मधुमेह असलेले होते, नसलेलेही होते. दोन्ही गटांतल्या अर्ध्याहून अधिक लोकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं. ड जीवनसत्त्व म्हणजे तेच, जे अंगावर ऊन पडलं की आपल्या त्वचेत आपोआप तयार होतं! त्यासाठी पैसे पडत नाहीत, दुकानात जावं लागत नाही. मग इतकं ऊन असलेल्या शहरात ते कमी कसं पडतं?

मला हे कोडं फार आवडतं. कारण ते सोडवायला लागलं, की नाशिक येतं, बर्लिन येतं, तिरुपती येतं, आणि शेवटी तुमची स्वतःची सावली येते.

आधी हे जीवनसत्त्व करतं काय ते पाहू. तुम्ही दूध पिता, नाचणीची भाकरी खाता, त्यातलं कॅल्शियम पोटात जातं. पण पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तर आतडी त्यातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषून घेतात. ते नसेल तर जेमतेम १० ते १५ टक्के. बाकीचं आलं तसं निघून जातं. हाडांना कॅल्शियम मिळालं नाही की ती मऊ राहतात. लहान बाळ चालायला लागतं, वजन पायांवर येतं आणि पाय गुडघ्यांपाशी बाहेरच्या बाजूला वाकतात. यालाच मुडदूस म्हणतात. तुमच्या आजीला विचारा, तिला हा शब्द नक्की माहीत असेल.

आणि एवढं मोठं काम करणारं हे जीवनसत्त्व असतं तरी किती? तीस किलो वजनाच्या मुलाच्या सगळ्या रक्तातलं ड जीवनसत्त्व गोळा केलं, तरी ते मिठाच्या एका बारीक कणाएवढंसुद्धा भरणार नाही. म्हणून ते नॅनोग्राममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्राम.

आता सगळ्या देशात किती मुलांना हे कमी पडतं, ते कसं शोधायचं? देशातल्या प्रत्येक मुलाच्या दंडाला सुई टोचणं तर शक्य नाही. म्हणून नमुना घेतात. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने युनिसेफच्या मदतीने ३० राज्यांत एक फार मोठं सर्वेक्षण केलं. एक लाखाहून अधिक मुलामुलींची उंची-वजनं घेतली आणि त्यांतल्या ५० हजारांहून अधिक जणांचे रक्ता-लघवीचे नमुने तपासले. एवढ्या लहान मुलांना समजावून, न रडवता त्यांचं रक्त काढणाऱ्या त्या सगळ्या ताई-दादांचं मला फार कौतुक वाटतं. त्यातून असं दिसलं: १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी २४ टक्के जणांना ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. पन्नास मुलांचा वर्ग धरा. तिसरीच्या वर्गात अशी नऊ मुलं. आठवीच्या वर्गात बारा.

थांबा, इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. चेन्नईत अर्ध्याहून अधिक आणि देशातल्या मुलांत १८ टक्के, हे कसं? एक कारण असं, की तिकडे मोठी माणसं होती आणि इकडे मुलं. पण दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. दोन्हीकडे रेघ वेगळ्या ठिकाणी मारलेली होती! मुलांच्या सर्वेक्षणात एक मिलिलिटर रक्तद्रवात १२ नॅनोग्रामच्या खाली असेल तरच 'कमतरता' धरली. चेन्नईच्या अभ्यासात रेघ २० वर होती. आता एखाद्या मुलीच्या रक्तात १५ नॅनोग्राम निघाले, तर ती पहिल्या मोजणीत 'ठीक' आणि दुसऱ्या मोजणीत 'कमी'. मुलगी तीच, रक्त तेच. काही डॉक्टर तर ३० ची रेघ धरायचे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली तसं सांगितलं होतं आणि २०२४ साली ती रेघ स्वतःच मागे घेतली. म्हणून 'भारतातल्या ८० टक्के लोकांना ड जीवनसत्त्व कमी' अशी बातमी वाचलीत, तर पहिला प्रश्न विचारा: रेघ कुठे मारली होती?

पण रेघ कुठेही मारा, एक गोष्ट काही बदलत नाही, आणि सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट तीच आहे. एरवी खाण्यापिण्यातली कुठलीही कमतरता गरिबांच्या घरात जास्त सापडते. ज्यांना दूध, फळं, अंडी परवडत नाहीत, त्यांची मुलं अशक्त राहतात. ड जीवनसत्त्वाचं मात्र उलटं निघालं. खेड्यांपेक्षा शहरांत कमतरता जास्त. गरीब घरांपेक्षा खात्यापित्या घरांत जास्त. आणि मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये जास्त.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शंभर वर्षांपूर्वीचं नाशिक आठवलं.

त्या काळात मुडदूस हा युरोपातला मोठा आजार होता. लंडन, ग्लासगोसारख्या शहरांत कोळशाचा धूर इतका असायचा, की दिवसासुद्धा सूर्य धड दिसायचा नाही. गल्ल्या अरुंद, घरं अंधारी. वाकड्या पायांची मुलं घरोघर दिसायची. कुणी म्हणायचं खाणं वाईट आहे, कुणी म्हणायचं हवा वाईट आहे. थिओबाल्ड पाम नावाचा एक डॉक्टर जपानमध्ये बरीच वर्षं राहून इंग्लंडला परतला होता. त्याला प्रश्न पडला, जपानमध्ये मला मुडदूस झालेलं मूल दिसलं नाही आणि इथे इतकी कशी? त्याने चीन, भारत, श्रीलंका, मोरोक्को अशा ठिकठिकाणच्या डॉक्टरांना पत्रं लिहिली. उत्तरं आली: आमच्याकडे हा आजार विरळाच. १८९० साली पामने सगळी पत्रं पुढ्यात घेऊन लिहून टाकलं, की फरक सूर्यप्रकाशाचा आहे. मुलांना उन्हात न्या! पण त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यासमोर बसवायला सुरुवात केली. या दिव्यातून अतिनील किरण निघतात. काही आठवड्यांत मुलांची हाडं भरून यायला लागली, एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसलं. पण त्याची खरी हुशारी पुढे आहे. त्याने एका हातावरच प्रकाश टाकला, दुसरा हात प्रकाशापासून लांब ठेवला. आणि दोन्ही हातांची हाडं सुधारली! म्हणजे प्रकाश थेट हाडावर काम करत नव्हता. उजळलेल्या हाताच्या त्वचेत काहीतरी तयार होत होतं आणि ते रक्तातून दुसऱ्या हातापर्यंत जात होतं. एका साध्या प्रयोगातून केवढं कळलं बघा. त्या 'काहीतरी'ला पुढे नाव मिळालं. अमेरिकेतले एल्मर मॅककॉलम मुडदूस बरा करणाऱ्या कॉड माशाच्या तेलावर काम करत होते. १९२२ साली त्यांनी तेलातल्या त्या गुणकारी घटकाला ड जीवनसत्त्व म्हटलं. अ, ब, क आधीच देऊन झाले होते.

त्याच १९२२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात हचिसन आणि शहा या दोघांचा एक लेख आला. त्यांनी काम केलं होतं आपल्या नाशिकमध्ये. पाम म्हणाला होता की भारतात ऊन आहे म्हणून मुडदूस नाही. मग नाशिकसारख्या लख्ख उन्हाच्या जागी तो मुळी दिसायलाच नको. पण तो होता! आणि होता कुणाच्या घरी? पैसेवाल्या घरांमध्ये. या घरांतल्या बायका पडद्यात राहायच्या. बाळंतिणीची खोली आतली, काळोखी. बाळ महिनोन्महिने आईजवळ त्याच खोलीत. घरात दूधतूप भरपूर, पण उंबऱ्याबाहेरचं ऊन काही आत येत नव्हतं. आणि शेतात राबणाऱ्या गरीब बायका? त्यांची बाळं बांधावर, झाडाखाली, आईच्या पाठीवर वाढायची. त्यांच्या ताटात भाकरी आणि मिरची यापलीकडे फारसं काही नसायचं. त्यांच्या पोरांना मुडदूस नव्हता.

नाशिकचं ऊन दोघांसाठी सारखंच होतं. फक्त एकाच्या अंगावर ते पडत होतं आणि दुसऱ्याच्या नाही. सगळं कोडं इथे सुटायला लागतं. गावात ऊन किती पडतं याला फारसा अर्थ नाही. ते कुणाच्या त्वचेवर पडतं, आणि कधी पडतं, ते बघायला हवं.

'कधी' हा शब्द मुद्दाम म्हटला. कारण सगळं ऊन एकसारखं नसतं. आपल्याला दिसतो तो प्रकाश, अंगाला लागते ती उष्णता आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, सगळं सूर्याकडून एकदमच निघतं. अतिनील किरणांतले यूव्ही-बी नावाचे किरण तेवढे आपल्या कामाचे. आपल्या त्वचेत सेव्हन-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा एक पदार्थ असतो. (नाव पाठ करायची गरज नाही, पण एकदा मोठ्याने म्हणून बघा, छान वाटतं.) यूव्ही-बी किरण त्यावर आदळला, की त्या रेणूतलं एक कडं उघडतं. मग शरीराच्या उबेने काही तासांत त्याचं ड जीवनसत्त्व होतं. ते यकृतात जातं, मूत्रपिंडात जातं, दोन्हीकडे त्याच्यात थोडा थोडा बदल होतो आणि मगच ते कामाला लागतं. आणखी एक छान सोय आहे. ऊन जास्त झालं, तर त्वचा जादाचा माल निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकते. म्हणून उन्हामुळे कुणाच्याही अंगात ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर होत नाही.

अडचण अशी, की यूव्ही-बी किरण आपल्यापर्यंत येताना वातावरणातला ओझोन त्यांना शोषून घेतो. सूर्य डोक्यावर असेल तर किरणांना हवेचा थर सरळ पार करायचा असतो, वाट जवळची. सूर्य खाली, क्षितिजाजवळ असेल तर त्यांना तोच थर तिरका कापावा लागतो. वाट तिप्पट-चौपट लांब होते आणि यूव्ही-बी वाटेतच संपतात. उजेड पोहोचतो, ऊब पोहोचते, पण जे हवं ते पोहोचत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. चेन्नईपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर तिरुपती आहे, जवळजवळ त्याच अक्षांशावर. तिथे डॉ. सी. व्ही. हरिनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेतला तोच लांबलचक नावाचा पदार्थ छोट्या बंद कुप्यांमध्ये भरला. कुप्या उन्हात ठेवल्या, तासातासाने. सकाळच्या कुप्या, दुपारच्या कुप्या, संध्याकाळकडे झुकलेल्या कुप्या. हे वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत केलं. मग प्रत्येक कुपीत किती पदार्थ बदलला ते मोजलं. किती सुरेख कल्पना आहे ही! कुपीला त्वचा नाही, कपडे नाहीत, सावलीत पळायची घाई नाही. ऊन एकटं काय करू शकतं, ते कुपी सांगते. उत्तर आलं: बाराही महिने सगळ्यात जास्त काम सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात. दुपारी साडेबाराला कुपीतला साधारण साडेअकरा टक्के पदार्थ बदलला. सकाळी आणि संध्याकाळी फारच कमी.

आता चेन्नईतल्या एखाद्या सातवीतल्या मुलीचा दिवस बघा. समजा तिचे बाबा ओल्ड महाबलीपुरम रस्त्यावरच्या एखाद्या कंपनीत काम करतात आणि हे मराठी कुटुंब तिथेच जवळ एका उंच इमारतीत राहतं. सकाळी सातला ती खाली उतरते. ऑगस्ट महिना असेल तर तेव्हा तिची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ चौपट असते. शाळेची बस येते, बसच्या काचा बंद असतात. दिवसभर वर्ग. बरोबर साडेबाराला डबा, छपराखाली. चारनंतर घरी. पाचला खाली खेळायला जाते तेव्हा सावली पुन्हा उंचीच्या पावणेतीनपट. रविवारी सगळे मिळून मरीना बीचवर जातात, पण संध्याकाळी, वारा सुटल्यावर. दुपारी मरीनाची वाळू एवढी तापलेली असते की तिच्यावर पाय ठेववत नाही. या मुलीचं काही चुकतंय का? मुळीच नाही. चेन्नईच्या उन्हाळ्यात शहाणी माणसं असंच वागतात. पण तिच्या त्वचेला यूव्ही-बी भेटणार कधी?

बसच्या बंद काचेचंही लक्षात ठेवा. साध्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते, कातडी काळवंडूही शकते, पण यूव्ही-बी जवळजवळ सगळे अडतात. काचेआडच्या उन्हात तासभर बसूनही ड जीवनसत्त्व मिळत नाही. नाशिकच्या त्या घरांत मातीच्या भिंती होत्या. आता भिंत काचेची आहे, इतकंच.

धुराची आणि धुळीचीही भिंत होते. वीसेक वर्षांपूर्वी दिल्लीत दोन भागांतल्या लहान बाळांची तुलना केली होती. मोरी गेटच्या धुरकट भागातल्या बाळांमध्ये सरासरी १२.४ नॅनोग्राम, आणि तेव्हा बऱ्याच मोकळ्या हवेच्या गुरगावातल्या बाळांमध्ये २७.१.

आणि मोठी माणसं? तिरुपतीच्याच संशोधकांनी शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या लोकांचं रक्त तपासलं. २० च्या खाली असलेले पुरुष खेड्यात ४४ टक्के, शहरात ६२ टक्के. बायका खेड्यात ७० टक्के आणि शहरात ७५ टक्के. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. खेड्यातली बाईसुद्धा अंगभर कपडे घालते, तिचा बराच वेळ चुलीपाशी, छपराखाली जातो. या आकड्यांचं मला फार वाईट वाटतं. कारण तीच पुढे आई होते, आणि बाळाच्या पहिल्या महिन्यांतलं ड जीवनसत्त्व आईच्याच साठ्यातून आलेलं असतं.

त्वचेच्या रंगाबद्दलही सांगायलाच हवं, कारण त्यावरून नको ते बोललं जातं. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते अतिनील किरण स्वतः झेलतं आणि आतल्या पेशींना वाचवतं. जिथे सूर्य डोक्यावर तळपतो तिथल्या माणसांच्या त्वचेत ते जास्त असतं, आणि असायलाच हवं. ती हजारो वर्षांत तयार झालेली ढाल आहे. पण ढालीमुळे यूव्ही-बीसुद्धा कमी आत जातात, म्हणून सावळ्या माणसाला तेवढंच ड जीवनसत्त्व तयार करायला गोऱ्या माणसापेक्षा बराच जास्त वेळ उन्हात राहावं लागतं. शेतात राहणाऱ्या माणसाला त्याने काही फरक पडत नव्हता, त्याच्याकडे उन्हातला वेळच वेळ होता. पंचाईत झाली ती आपण घरात शिरल्यावर. म्हणून परदेशी पुस्तकात 'दहा-पंधरा मिनिटं ऊन पुरे' असं लिहिलेलं असेल, तर ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही. पुण्यातल्या पुरुषांच्या एका अभ्यासात तर रोज तासाभराहून जास्त ऊन अंगावर घेणाऱ्यांचंच ड जीवनसत्त्व २० च्या वर टिकलेलं दिसलं.

खाऊन भरून काढता येईल का? थोडंसं. बांगडा, तारली असे तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, उन्हात ठेवलेले मशरूम. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत दुपारच्या जेवणात अंडं मिळतं, ही फार चांगली गोष्ट आहे. पण आपल्याला दिवसाला ६०० आंतरराष्ट्रीय एकक (आययू) लागतात आणि एका अंड्यात असतात साधारण ४०. पंधरा अंडी रोज कोण खाणार! म्हणून आता दुधात आणि खाद्यतेलात ड जीवनसत्त्व घालतात. पिशवीवर निळ्या चौकोनात अधिक-चिन्ह आणि इंग्रजी एफ दिसतं का, घरी बघा. गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. त्वचा जादाचं ड जीवनसत्त्व बनू देत नाही, गोळीला तसं आवरता येत नाही. ते चरबीत साठत जातं आणि मग त्रास होतो.

मला विचाराल तर शाळांनी खेळाचा तास शेवटचा ठेवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन सोसवण्यासारखं असतं. तेव्हा तो तास अकराच्या सुमारास घ्यावा, हात आणि पाय उघडे राहतील असे कपडे घालून. मे महिन्यात अर्थातच नको. उष्माघात ही खरीखुरी भीती आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी मुलांना मैदानात उभं करणं मला पटणार नाही. ड जीवनसत्त्व शरीरात आठवडेच्या आठवडे टिकतं, त्यामुळे काही दिवस ऊन चुकलं तर लगेच काही बिघडत नाही.

आता तुमचं काम. चेन्नईला सूर्य मोजायची जुनी सवय आहे. १७९२ साली नुंगमबाक्कममध्ये वेधशाळा बांधली गेली, तिच्या दुर्बिणीचा ग्रॅनाइटचा खांब तिथल्या हवामान केंद्राच्या आवारात आजही उभा आहे. तुम्हाला खांबाची गरज नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या आणि सपाट जागी उभी रोवा. तिची सावली शंभर सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि ऊन कामाचं आहे. जास्त असेल, तर सूर्य खाली आहे आणि यूव्ही-बी फार थोडे आहेत. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडेच बघायचं. दर तासाला सावली मोजा आणि वहीत वेळेसमोर लिहा. ढग असतील तर तेही लिहा.

२२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, हा प्रयोग जरूर करा. चेन्नईत त्या दिवशी साधारण १२ वाजून ७ मिनिटांनी सावली सगळ्यात आखूड होईल, आणि तरी ती ७४ सेंटिमीटर असेल. कोल्हापुरात ८४, पुण्यात ९०, मुंबईत ९२. मुंबईची वेळ मात्र वेगळी, १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास, कारण मुंबई पश्चिमेला आहे आणि घड्याळ सगळ्या देशाचं एकच आहे. दिल्लीत भर दुपारीही सावली काठीपेक्षा लांब, १२८ सेंटिमीटर. लंडनमध्ये पावणेचार मीटरच्या जवळपास! नागपूरच्या मुलांनी मात्र मोजपट्टी अगदी जपून धरा. तुमच्याकडे सावली येईल ९९ सेंटिमीटर, आणि काठी जराशी तिरकी रोवली गेली तरी उत्तर रेघेच्या पलीकडे जाईल.